आकडा कुठून आला?

तृतीय वर्षाच्या प्रकल्पांची ब्लॅकबुकं वाचून झाली. मुखपृष्ठापासून प्रश्नावलीच्या शेवटच्या पानापर्यंत सगळी वाचली. तोंडी परीक्षेत तुमच्यातल्या बहुतेकांनी वेळ मारून नेली, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सह्या केल्या, गुणही मिळतील. पण गुण देऊन माझी जबाबदारी संपत नाही. म्हणून आज धडा पुढे जाणार नाही. फोन बॅगेत ठेवा, मागच्या बाकांवरच्यांनी पुढे या आणि ऐका.

मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला होता. हा आकडा कुठून आला? कंपनीचा बीटा १.१२ असं छापलं आहे, तो कुठून आला? ‘साइटवरून, मॅडम.’ किती वर्षांच्या भावांवरून काढलाय? रोजच्या परताव्यावरून की आठवड्याच्या? निफ्टीशी ताडून की सेन्सेक्सशी? इथून पुढे सगळे गप्प. शेअरचे आणि निर्देशांकाचे दोन वर्षांचे भाव शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ते एक्सेलमध्ये दोन रकान्यांत घ्यायचे, परतावे काढायचे आणि स्लोप हे सूत्र लावायचं. तासाभराचं काम आहे. तो तास तुम्ही दिला नाहीत. दुसऱ्याचा आकडा उचललात आणि त्याखाली स्वतःचं नाव घातलंत.

यंत्रखरेदीचं उदाहरण तर अनेकांच्या ब्लॅकबुकात सारखंच आहे. आज दहा लाख गुंतवायचे, पाच वर्षं दरसाल तीन लाख परत येणार, भांडवलाचा खर्च १२ टक्के. निव्वळ वर्तमान मूल्य येतं ८१,४३३ रुपये. तुमच्या पानांवर छापलंय ७२,७०८. सगळ्यांचं सारखंच चुकलं, कारण एक्सेलचं एनपीव्ही सूत्र पहिली रक्कमसुद्धा वर्षाअखेरची धरतं आणि तुम्ही आजचे दहा लाखही त्याच कंसात टाकलेत. सूत्र आतून काय करतं हे एकानेही उघडून पाहिलं नाही. या चुकीने निर्णय बदलत नाही, रक्कम फक्त कमी दिसते, हे मला माहीत आहे. पण त्याहून मोठी चूक तुम्हाला दिसलीच नाही. तो १२ टक्के दर कुठून आला? ‘गाईडमध्ये दिलाय.’ दर १६ टक्के धरा आणि तेच गणित पुन्हा करा. उत्तर उणे १७,७१२ येतं. म्हणजे यंत्र घ्यायचं की नाही, हा सगळा निर्णय त्या एका दरावर उभा आहे. कंपनीचं कर्ज किती, त्यावर व्याज किती, भागधारकांची अपेक्षा किती, धंद्यातली जोखीम किती, हे सगळं खणून तो दर काढावा लागतो. वित्त विषयाचा जीव तिथेच आहे, आणि तेवढंच तुम्ही एका छापील ओळीवर सोडून दिलंत.

सर्वेक्षणांबद्दलही बोलायलाच हवं. ‘मुंबई उपनगरातील गुंतवणूकदारांचा कल’ असा विषय घेतलात आणि फॉर्म भरून घेतलेत ते याच वर्गातल्या मुलांकडून, ज्यांचं स्वतःचं उत्पन्न एक रुपयाही नाही. मग त्याचे गोल आलेख काढून निष्कर्ष लिहिलात की मुंबईकर म्युच्युअल फंडाला पसंती देतात. एका ब्लॅकबुकात तर पानाच्या माथ्यावर दुसऱ्याच कॉलेजचं नाव राहून गेलं होतं. झेरॉक्सच्या दुकानात तयार ब्लॅकबुक मिळतं, हे काय मला माहीत नाही? पण ज्याला पुढे लोकांच्या पैशाचा हिशेब ठेवायचा आहे, त्याने आपल्या पदवीचा पहिला हिशेबच खोटा लिहावा, याचा मला मनापासून संताप आला आहे.

तुम्ही म्हणाल, मॅडम, एका प्रकल्पाचं काय एवढं? एवढं यासाठी की सवय इथेच लागते. उद्या बँकेत, पतसंस्थेत, म्युच्युअल फंडाच्या कचेरीत, लेखापरीक्षकाच्या हाताखाली तुम्ही बसाल, तेव्हा समोरून आलेला आकडा तसाच पुढे ढकलायची सवय हातात मुरलेली असेल. आणि तिथला आकडा कुणाच्या तरी आयुष्याची पुंजी असतो.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक आठवते का? तुमच्यापैकी काहींच्या घरातले पैसे तिथे अडकले होते, हे मला माहीत आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढता येतील असं जाहीर केलं. ती मर्यादा पुढे वाढत गेली, पण पहिल्या दिवशी ती हजार रुपयेच होती. बँकेच्या एकूण कर्जातलं ७० टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बांधकाम समूहाला, एचडीआयएलला, दिलेलं होतं. हे लपवण्यासाठी बँकेच्या नोंदींमध्ये २१,०४९ बनावट खाती दाखवली गेली. मार्च २०१९ च्या अहवालात थकीत कर्जाचं प्रमाण पावणेचार टक्के छापलं होतं. कोणाही ठेवीदाराला ते वाचून बँक ठणठणीत वाटली असती. आता विचार करा. एकवीस हजार खाती आपोआप तयार होत नाहीत. कुणीतरी ती भरली, कुणीतरी यादी तपासल्याची खूण केली, कुणीतरी ताळेबंदावर सही केली. ही माणसं आकाशातून पडलेली नव्हती. ती तुमच्यासारख्याच एखाद्या वर्गात बसून, तुमच्यासारखीच परीक्षा देऊन त्या खुर्चीपर्यंत पोहोचली होती. त्यातल्या कुणी तरी वेळेवर ‘हा आकडा कुठून आला’ असं विचारून हात वर करायला हवा होता.

त्या बँकेचं पुढे काय झालं तेही ऐका, कारण त्यात तुमचा पहिल्या वर्षाचा धडा आहे. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख झाली. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरच्या ठेवी टप्प्याटप्प्याने द्यायच्या ठरल्या, शेवटचा टप्पा दहा वर्षांनी. त्यावर तुम्ही म्हणाल, पैसे मिळणार ना! मधल्या वर्षांत व्याज नसेल, तर ७ टक्के दराने दहा वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत ५१ पैसेही भरत नाही. सत्तरीतल्या निवृत्त माणसाला दहा वर्षांनी मिळणाऱ्या पैशाचं मोल काय, हे वर्तमान मूल्याच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. तोच तक्ता, जो तुम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री ‘आयएमपी आहे का?’ असं एकमेकांना विचारून बाजूला ठेवता.

सत्यमची गोष्ट तुम्हाला मालिकांमुळे माहीत असेल, पण ताळेबंदातून माहीत नाही. ७ जानेवारी २००९ ला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली. कंपनीच्या पुस्तकांत रोख आणि बँकेतली शिल्लक म्हणून ५,३६१ कोटी दाखवले होते, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. आदल्याच वर्षी या कंपनीला सुशासनासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता. रोकड हा ताळेबंदातला सगळ्यांत सोपा आकडा. बँकेला थेट विचारायचं आणि बँकेचं उत्तर थेट आपल्याकडे मागवायचं, कंपनीमार्फत नाही. तेच नीट झालं नाही. इतका साधा धडा आहे आणि तरी मी ‘रोख शिल्लक तपासण्याची पद्धत लिहा’ असा प्रश्न घातला, तर तुम्ही गाईडमधले सात मुद्दे लिहून मोकळे होता. त्यात ‘थेट’ हा शब्द असतो. तो का आहे, हे कुणाच्या मनातही येत नाही.

पायाभूत प्रकल्पांना वित्तपुरवठा करणारी आयएल अँड एफएस कंपनी घ्या. २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत तिच्या कर्जाला ‘एएए’ मानांकन होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते ‘डी’वर आलं. एकूण कर्ज सुमारे ९१ हजार कोटी, उपकंपन्या तीनशेहून जास्त. ज्या रस्त्यांचा टोल पंधरा-वीस वर्षांत वसूल होणार, त्यांच्यावर थोड्या मुदतीचं कर्ज काढून पैसा लावलेला होता. ऑक्टोबरमध्ये सरकारला जुनं संचालक मंडळ हटवून नवं नेमावं लागलं. तुम्हाला मालमत्ता आणि देण्यांच्या मुदतींचा मेळ हा धडा बँकिंगच्या पेपरात आहे, तुम्ही तो पाच गुणांची टीप म्हणून लिहिता. त्या कर्जरोख्यांत नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधीचा पैसा होता. मानांकन वाचून गुंतवणूक करणाऱ्यांनी त्याखालचे आकडे वाचले असते, तर काही प्रश्न वेळेवर विचारता आले असते. तुमच्या ब्लॅकबुकात मात्र ‘कंपनीला एएए मानांकन आहे, म्हणून ती सुरक्षित आहे’ हे वाक्य मला जागोजागी सापडलं.

आता त्या विषयाकडे येते, ज्यासाठी तुम्हाला तास चालू असताना फोन लागतो. साडेनऊच्या तासाला तुमच्यातल्या निम्म्यांचं लक्ष फळ्यावर नसतं, ते बाकाखालच्या पडद्यावर असतं. बँक निफ्टीचा ऑप्शन घेतलाय, तो वर जातोय की खाली. मागच्या बाकावरून ‘एक्झिट मार’ असं कुजबुजणं मला ऐकू येतं. काहींना वाटतं हाच खरा अभ्यास, वर्गात काय ठेवलंय! सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल काढला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींहून जास्त, सरासरी माणशी सुमारे दोन लाख. एक लाखाच्या वर नफा कमावणारे फक्त एक टक्का. यात उतरलेल्यांपैकी तीन चतुर्थांशहून जास्त लोकांचं जाहीर वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत. आणि तीस वर्षांखालच्या तरुणांचा वाटा एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेला. पुढच्या वर्षाच्या आकड्यांतही ९१ टक्के तोट्यातच होते. या सौद्यांत समोर बसलेलं कोण आहे? २०२४ च्या त्या अहवालातच आहे. दलाली कंपन्यांची स्वतःची खाती आणि परदेशी संस्था नफ्यात होत्या, आणि त्यांचा जवळजवळ सगळा नफा संगणकी अल्गोरिदमने केलेल्या सौद्यांतून आला होता. तुम्ही बाकाखाली अंगठ्याने जो सौदा करता, तो अशांशी करता. आईवडिलांनी फी म्हणून दिलेल्या पैशातून करता.

हा अहवाल वाचलेला एकही विद्यार्थी मला या वर्गात सापडला नाही. वित्ताचे विद्यार्थी! सेबीच्या संकेतस्थळावर तो कुणालाही वाचता येतो. पण इन्स्टाग्रामवरच्या ज्या माणसाची सेबीत नोंदणीही नाही, त्याचा ‘उद्याचा कॉल’ तुम्ही रोज ऐकता. सल्ला देण्यासाठी नोंदणी लागते हे तुमच्या अभ्यासक्रमात आहे, परीक्षेत तुम्ही ते बरोबर लिहिलंत, आणि संध्याकाळी बिगरनोंदणीच्या माणसाला टेलिग्रामवर पैसे भरून आलात. वर्गातला अभ्यास आणि तुमचं जगणं यांची अजून गाठच पडलेली नाही.

आणि हे गणित तरी करा. पन्नास टक्के गेले, तर मूळ रकमेवर यायला पन्नास टक्के नफा पुरत नाही, शंभर टक्के लागतो. पहिल्या वर्षी पन्नास टक्के वाढ, दुसऱ्या वर्षी पन्नास टक्के घट, सरासरी शून्य. पण शंभराचे पंचाहत्तर झालेले असतात. साध्या सरासरीने परतावा मोजू नका, भौमितिक सरासरी काढा, हे मी पहिल्याच सत्रात सांगितलं होतं. प्रत्येकाच्या वहीत आहे. पण वहीतलं स्वतःच्या पैशाला लावून पाहिलं नाहीत. एकाने मला अभिमानाने सांगितलं, ‘मॅडम, माझा ॲव्हरेज रिटर्न पंधरा टक्के आहे.’ मी खात्यातली शिल्लक विचारली, तेव्हा ती भरलेल्या रकमेपेक्षा कमी होती.

घरी काय करता ते विचारते. तुमच्या बाबांना विमा एजंट सांगतो, वर्षाला पन्नास हजार भरा, वीस वर्षं, मग सोळा लाख मिळतील. दहा लाखांचे सोळा लाख, म्हणजे साठ टक्के फायदा. घरात सगळे खूश. तुम्ही तिथेच बसलेले असता आणि गप्प राहता, कारण त्याचा परताव्याचा दर काढता येतो हे तुम्हाला सुचतच नाही. काढा. दर वर्षाच्या सुरुवातीला पन्नास हजार, विसाव्या वर्षाअखेर सोळा लाख. दर साडेचार टक्क्यांच्याही आत येतो. त्यात थोडं आयुर्विम्याचं कवच आहे, ते धरूनच निर्णय घ्यायचा, पण ‘साठ टक्के’ हा शब्द तुमच्या घरात कुणी उच्चारला तर त्याला थांबवायचं काम तुमचं आहे. किंवा दुकानातली मोटारसायकल. एक लाखाचं कर्ज, १२ टक्के फ्लॅट, एक वर्ष, हप्ता ९,३३३ रुपये. ‘बाराच टक्के’ म्हणून भाऊ सही करतो. मुद्दल दर महिन्याला कमी होतंय आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर लागतंय, त्यामुळे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ जातो. हे तुम्हाला रेट या सूत्राने मिनिटभरात काढता येतं. तीन वर्षं फी भरणाऱ्या घराला तुमच्या शिक्षणाचा हा पहिला उपयोग व्हायला हवा होता, आणि तो अजून झालेला नाही.

नोकरीबद्दल बोलू. सगळ्यांना इन्व्हेस्टमेंट बँकिंग हवंय. मुलाखतीला गेलात की एक अगदी प्राथमिक प्रश्न येतो. घसारा दहा रुपयांनी वाढला, कर २५ टक्के, करासाठीही तोच घसारा ग्राह्य आहे, तर तिन्ही पत्रकांत काय होईल? मी हा प्रश्न याच वर्गात विचारला आणि ‘नफा दहाने कमी होईल’ असं एकमुखाने उत्तर आलं. कर कमी झाला ना! नफा साडेसात रुपयांनी कमी होतो. घसाऱ्यात रोकड जात नाही, म्हणून रोकड प्रवाह पत्रकात दहा परत मिळवायचे, रोकड अडीच रुपयांनी वाढते. ताळेबंदात यंत्र दहाने कमी, रोकड अडीचने जास्त, म्हणजे मालमत्ता साडेसातने कमी, आणि दुसऱ्या बाजूला राखीव निधीही साडेसातने कमी. जुळलं. यात न समजण्यासारखं काय आहे? ही तीन पत्रकं तुम्ही तीन वेगळ्या विषयांची तीन वेगळी गणितं म्हणून शिकलात, कारण तीन वेगळे गाईड होते. एका व्यवहाराचा माग तिन्हींतून काढून पाहा असं मी सांगते तेव्हा ‘हे परीक्षेत येतं का?’ हा प्रश्न पहिला येतो. नवीन कुणी शिक्षक आले आणि त्यांना हाच प्रश्न विचारलात, तर त्यांनीही तुमच्यावर चिडावं अशी माझी इच्छा आहे.

इंग्रजीची सबब पुष्कळदा ऐकते. मराठी माध्यमातून आलेली मुलं मागे बसतात, वाक्य चुकेल म्हणून तोंड उघडत नाहीत. तुमच्यावर मी रागावलेय ते इंग्रजीसाठी नाही. तुम्ही शंका मराठीत विचारा, मी मराठीत उत्तर देईन, आणि इथे हसणाऱ्याला वर्गाबाहेर काढीन. पण भाषेची अडचण आहे म्हणून गणित न करणं, वार्षिक अहवाल न उघडणं, याला माझ्याकडे माफी नाही. पारिभाषिक शब्द दोन महिन्यांत अंगवळणी पडतात. हजेरीच्या डिफॉल्टर यादीत नाव लागलं की पालकांना घेऊन कार्यालयात येता, ती धडपड तुम्ही अभ्यासासाठी केली असती तर आतापर्यंत पन्नास कंपन्यांचे अहवाल वाचून झाले असते.

ज्या विद्यापीठाचं नाव तुमच्या पदवीपत्रावर छापलं जाणार, त्याच्या फोर्टमधल्या आवारात राजाबाई टॉवर आहे. तुम्ही त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढता. तो व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या पैशातून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचं नाव आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस थांबला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि आलेला पैसा शेअरांत गेला. बॅकबे रेक्लमेशनचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. युद्ध संपलं, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ ला सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा शहर बुडालं. प्रेमचंदही बुडाले. बँक ऑफ बॉम्बे बंद पडली. दिनशा वाच्छांनी या काळावर १९१० मध्ये पुस्तक लिहिलंय. तुम्ही दीडशे वर्षांपूर्वीच्याच चुका करताय, फक्त आता त्या फोनवर होतात. ग्रंथालयातून कुणी ते पुस्तक मागितल्याची एकही नोंद मला दिसली नाही.

आणि याच शहरात सिडनहॅम कॉलेजमध्ये १९१८ ते १९२० डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्र शिकवत होते. १९२३ मध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाची किंमत कशाला जोडायची, चलन छापण्याची सत्ता कुणाकडे असावी आणि त्याचा फटका गरिबाच्या खिशाला कसा बसतो, हे त्यांनी सरकारी अहवालांतले आकडे पानोपानी तपासून मांडलं. भारतीय चलनावरच्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. आज तुम्हाला तेच सरकारी अहवाल, रिझर्व्ह बँकेची मासिक पत्रिका, बँकांचा वार्षिक आढावा, प्रत्येक कंपनीचा आयपीओचा मसुदा, सगळं काही बोटाच्या टोकावर मिळतं. मसुद्यातलं ‘जोखीम घटक’ हे प्रकरण कायद्याने घालावंच लागतं, आणि तिथे कंपनी स्वतःच आपल्या अडचणी लिहून देते. तुम्ही आयपीओला अर्ज करता, पण तो भाग उघडत नाही. ग्रे मार्केटचा प्रीमियम मात्र तुम्हाला तोंडपाठ असतो.

मला तुमच्याबद्दल आशा नसती, तर मी एवढा वेळ घालवला नसता, सही करून पुढच्या बॅचकडे वळले असते. तुमच्यात हुशारी आहे. आयपीएलचे सरासरी धावांचे आकडे तुम्ही दशांश चिन्हासकट सांगता. पण हुशार माणसाने आकडा न तपासता पुढे दिला, तर त्याचं नुकसान अडाण्यापेक्षा जास्त होतं, कारण लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात. पदवीचा अर्थच तो आहे. लोक तुमच्यावर विश्वास ठेवणार आहेत. सोसायटीचे खजिनदार तुम्हाला विचारतील, मावशी तिची मुदत ठेव कुठे ठेवू म्हणून विचारेल, गावाकडच्या पतसंस्थेत कुणीतरी तुम्हाला संचालक करू पाहील.

आता पुढचं. सोमवारी या वर्गातल्या प्रत्येकाने एक सूचीबद्ध कंपनी निवडून तिचे सलग पाच वर्षांचे वार्षिक अहवाल घेऊन यायचे. एकाच पानावर दोन ओळी मांडायच्या. एका ओळीत करानंतरचा नफा, दुसऱ्या ओळीत व्यवसायातून आलेली रोकड. जिथे दोन्हींत मोठा फरक असेल तिथे कारण शोधायचं. उधारी वाढली का, माल पडून आहे का, संबंधित पक्षांना पैसे दिलेत का. हे सगळं टिपांमध्ये असतं, ज्या तुम्ही वाचत नाही. ते कारण मराठीत लिहिलंत तरी चालेल, पण प्रत्येक आकड्यापुढे अहवालाचं पान लिहायचं. दोघांची कंपनी एक निघाली, तर दोघांनाही पुन्हा करावं लागेल. ज्याच्याकडे ते पान नसेल, त्याने तासाला बसायचं नाही. खाली ग्रंथालयात बसून काम पुरं करायचं आणि मगच वर यायचं.